जागल

आमच्या घरात मुलांच्या अभ्यासाची खातेवाटणी फार पूर्वीच झालेली आहे. गणित, विज्ञान आणि इंग्रजी ही वजनदार खाती सौभाग्यवतींकडे आहेत. माझ्याकडे फक्त मराठी. मराठीत कुणी नापास होत नाही, अशी आमच्या घरातच नव्हे तर साऱ्या अमरावतीत समजूत असल्यामुळे माझे खाते बिनकामाचे आहे. दिवसभर मी कॉलेजात मराठी शिकवतो आणि घरी आल्यावर मला कुणी काही विचारत नाही. पण गेल्या मार्गशीर्षात सौभाग्यवती चार दिवस अकोल्याला माहेरी गेल्या आणि विज्ञानाचे खाते हंगामी स्वरूपात माझ्याकडे आले.

पहिल्याच संध्याकाळी धाकटी वही घेऊन समोर उभी राहिली.

“बाबा, अनुकूलन म्हणजे काय हो?”

मी खुशीत आलो. शब्द तर आमच्याच मुलखातला होता. म्हटले, “कूल म्हणजे नदीचा काठ. काठाकाठाने, प्रवाहाच्या कलाने जाणारे ते अनुकूल. आता त्यावरून—”

“बाबा, पाच मार्कांचा प्रश्न आहे,” ती म्हणाली.

मी निमूटपणे पुस्तक मागून घेतले. पुस्तकात उंट होता आणि ध्रुवीय अस्वल होते. माझ्या लहानपणीच्या पुस्तकातही हेच दोघे होते. उंटाच्या कुबडात पाणी असते, असे मला तेव्हा एका मित्राने सांगितले होते आणि इतकी वर्षे मी ते खरे मानून चाललो होतो. तिथे चरबी साठवलेली असते, हे मला त्या संध्याकाळी कळले. ध्रुवावरच्या पांढऱ्या अस्वलाची कातडी केसांखाली काळी असते, हेही कळले. इथवर सारे ठीक होते. पण धड्याखालचा शेवटचा प्रश्न असा होता : ‘आपल्या परिसरातील दोन वन्य प्राण्यांची उदाहरणे द्या.’

“आपल्या परिसरात कोण आहे हो, बाबा?”

“बिबट्या आहे की!” मी म्हणालो.

हे उत्तर मला सुचले याचे श्रेय आमच्या गल्लीतल्या निवृत्त पोस्टमास्तरांना द्यायला हवे. अमरावतीच्या अंगाला लागूनच वडाळी-पोहऱ्याचे रान आहे आणि त्या रानातला बिबट्या अधूनमधून शहराच्या कडेने फेरी मारून जातो. आमच्या बाजूला तो एकदा आला, तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाने त्याला पाहिले. पोस्टमास्तरांनी तर फक्त त्याचे शेपूट पाहिले. पण त्या शेपटावर ते आजही तासभर बोलू शकतात. मी तेवढा झोपलेला होतो. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवती म्हणाल्या, “तुम्ही जागे असता तरी वाचत बसला असता.” त्यात खोटे काही नव्हते.

पण बिबट्याची हुशारी मानायलाच हवी. वाघाला मोठे रान लागते, मोठी शिकार लागते. बिबट्याचे तसे नाही. हरीण मिळाले तर हरीण, नाही तर माकड, ससा, आणि काहीच नाही मिळाले तर गावकुसाबाहेर उकिरड्यावर फिरणारे कुत्रे. लपायला डोंगरच हवा असे नाही; उसाचा फडही चालतो. विद्या अत्रेय यांनी नगरकडच्या अकोल्यात, म्हणजे अकोले गावी (आमचे अकोला नव्हे, पत्र चुकते तसा बिबट्या चुकू नये म्हणून सांगितले), उसाच्या मुलखातल्या बिबट्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. भरवस्तीच्या त्या भागात बिबटे राहतात, पिले वाढवतात आणि त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा असतो, असे त्यात दिसून आले. धाकटीने वहीत लिहिले : ‘बिबट्या : जे मिळेल ते खातो.’ अन् म्हणाली, “दादासारखा.”

दुसरे उदाहरण मला खिडकीतून मिळाले. समोरच्या विजेच्या खांबावर एक पिंगळा रोज संध्याकाळी येऊन बसतो. दिव्याभोवती किडे जमतात आणि तो आयत्या पंगतीवर तुटून पडतो. त्याच्या पूर्वजांना झाडाच्या ढोलीत राहून अंधारात किडे हुडकावे लागत. याला महानगरपालिकेने दिवा लावून दिला आहे. पिंगळ्यावरून मला आठवला त्याचा रानातला भाऊबंद, रानपिंगळा, आणि मी धाकटीला त्याची गोष्ट सांगितली. ह्यूम नावाच्या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १८७३ साली या पक्ष्याची पहिली नोंद केली. १८८४ नंतर मात्र तो कुणाच्या हाती लागला नाही. एका लष्करी इंग्रजाने मधल्या काळात मिळाल्याचा दावा केला होता, तो पुढे चक्क लबाडीचा ठरला. पक्षी नामशेष झाला असेच साऱ्यांनी धरले. आणि १९९७ च्या नोव्हेंबरात, एकशे तेरा वर्षांनी, शहाद्याजवळच्या रानात तो भर सकाळी फांदीवर बसलेला सापडला! भर सकाळी, कारण हे घुबड दिवसाउजेडी शिकार करते. तीन अमेरिकन पक्षितज्ज्ञ खास त्याच्या शोधात आले होते. पुढे तो आपल्या मेळघाटातही आढळला. एक पिंगळा आपल्या खांबावर येऊन बसला, तर त्याचा भाऊबंद सागाचे रान सोडायला तयार नाही. पहिल्याची आपण नोंद घेत नाही. दुसऱ्यासाठी साता समुद्रांपलीकडून माणसे येतात.

“मग दोघांपैकी शहाणा कोण?” धाकटीने विचारले.

मला उत्तर देता आले नाही. मी म्हणालो, “ते पाच मार्कांत बसणार नाही.” उदाहरणांना तिला पाचांपैकी साडेतीन मिळाले. अर्धा मार्क ‘दादासारखा’ हे शब्द वहीत तसेच राहिल्याबद्दल गेला, असे तिचे म्हणणे.

खरे उदाहरण मात्र मला पुढे महिनाभराने मिळाले. आणि त्याला मार्क देणे माझ्या आवाक्यातले नाही.

पौषात भाऊचा फोन आला. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचे गाव मूर्तिजापूरहून दर्यापूरकडे जाताना पूर्णेच्या अंगाला आहे. कधी काळी आम्ही शकुंतला गाडीने जात असू. ती आता बंद आहे. आम्हां दोघांपैकी एकाने वावर पाहायचे असे जेव्हा ठरले, तेव्हा बाबांनी माझ्या हडकुळ्या दंडांकडे एकदा पाहिले आणि मला कॉलेजात पाठवले. तेव्हापासून भाऊ मला ‘मास्तर’ म्हणतो.

“मास्तर,” फोनवर तो म्हणाला, “अर्धा हरभरा रोह्यायनं खाल्ला. तू ये एकडाव. मले एकट्याले जागल आता होत नाही.”

भाऊने आजवर मला कधी ‘ये’ म्हटले नव्हते. ‘येतो का?’ असेच तो विचारत असे. मी शनिवारी दुपारची एस.टी. धरली.

ज्यांचा आमच्या भागाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. जमीन पाहाल तर काळीभोर. पण विहीर खणली की पाणी खारे. तोंडात धरवत नाही आणि पिकाला देववत नाही. म्हणून इथली शेती पावसाच्या भरवशावर. पावसाळा संपला की काळ्या मातीच्या पोटात जी ओल उरते, तिच्यावर हरभरा पेरायचा. हरभऱ्याचे मूळ खोल जाते आणि ओल शोधून काढते. त्याच्या पानांवर आंबट दव धरते, ती आंब. लहानपणी पहाटे आई हरभऱ्यावरून धुतलेले फडके फिरवून ती पिळून ठेवी. पोट दुखले की तीच आमचे औषध. ती आंब ही झाडाने किड्यांसाठी ठेवलेली तंबी असते, हे मला अलीकडे वाचनातून कळले. रोह्याला मात्र ती तंबी लागू नाही. तो घाट्यांसकट हरभरा खातो आणि वर तुरीचे शेंडे तोंडी लावतो.

रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय असली तरी गाय नव्हे. हे आशियातले सर्वांत मोठे कुरंग. नर निळसर करडा, दोनशे किलोच्या वर भरणारा; मादी तांबूस, बिनशिंगांची. दाट रान त्याला आवडत नाही. काट्याकुट्यांचे माळ, गायराने, नदीकाठचे पडीत, हा त्याचा मूळ मुलूख. गवत चालते आणि झाडपालाही चालतो. पाण्यावाचून तो बरेच दिवस काढू शकतो. चाऱ्यातल्या ओलीवर त्याचे भागते. मादीला पुष्कळदा जुळी होतात. अशा प्राण्याला आमचा खारपाणपट्टा म्हणजे घरच. पुढे आम्ही गायराने नांगरली, पडिताची वावरे केली. वाघ मेळघाटच्या डोंगरात राहिला, लांडगा विरळ झाला. रोह्याने पाहिले, गवत गेले पण त्याच जागी हरभरा आला. त्याने जागा बदलली नाही, वेळ तेवढी बदलली. दिवसा माणूस असतो, म्हणून तो रात्री येऊ लागला.

रोह्याचा एक जवळचा नातलग आहे, चौशिंगा. त्यांच्या कुळात आज जगाच्या पाठीवर हे दोघेच उरले आहेत. चौशिंगा जेमतेम दोन फूट उंच, डोक्यावर चार शिंगे, वागायला भित्रा आणि एकलकोंडा. त्याला पाणी जवळ लागते, म्हणून तो मेळघाटाच्या उतारावर, नाल्याच्या आसपास दडून राहतो. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ राखीव रानांत आमचे मेळघाट होते. त्याच्या आडोशाने चौशिंगाही तगला. तिकडे उन्हाळ्यात साग पाने झाडून मोकळा होतो, नद्यांचे डोह तेवढे उरतात आणि सारे रान त्या डोहांच्या हिशेबाने चालते. ज्यांनी मराठीला रानाचे शेकडो शब्द दिले ते मारुती चितमपल्ली याच मेळघाटात नोकरीला होते; २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. मी त्यांची पुस्तके वर्गात शिकवतो. चौशिंग्याबद्दल, मोराबद्दल, अस्वलाबद्दल मी रसाळ बोलतो आणि मुले ऐकतातही. रोह्याबद्दल मात्र मी कधी बोललो नव्हतो. आपल्या घराचे नुकसान करणाऱ्याचे रसग्रहण कसे करावे, हे आम्हाला एम.ए.ला शिकवलेले नव्हते.

गावी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने भाकरी केली. भाऊ गोदामात काही तरी शोधत होता. मी मागे गेलो. कोपऱ्यात बारीक तारेचे नवे भेंडोळे होते आणि बाजूला बांबूच्या खुंट्या तासून ठेवलेल्या.

“हे काय रे?”

“कुंपणाले,” तो म्हणाला आणि दिवा मालवला.

कुंपणाला इतकी बारीक तार कुणी वापरत नाही, एवढे मलाही कळत होते. वर्तमानपत्र मी रोज वाचतो. वावराभोवतीच्या तारेत वीज सोडली म्हणजे काय होते, कधी जनावर मरते आणि कधी माणूस, कधी तर ज्याचे वावर तोच, या बातम्या दर हिवाळ्यात असतात. तो गुन्हा आहे हे भाऊलाही ठाऊक होते. मला सारे कळले. आणि मी काही विचारले नाही. वर्षातून चार दिवस येणाऱ्याने बारा महिने राबणाऱ्याला काय विचारावे, अशी मी स्वतःची समजूत घातली. आज वाटते, ती समजूत नव्हती. ते भ्यालेपण होते.

रात्री नऊच्या सुमारास आम्ही जागलीला निघालो. शहरातल्या वाचकांना हा शब्द कदाचित नवा असेल. रात्रभर वावरात जागत बसून पिकाची राखण करायची, ती जागल. चार बल्ल्यांवर फळ्या टाकून मचाण केलेले, वर पऱ्हाटीच्या फांद्यांचा आडोसा, खाली शेणाच्या गोवऱ्यांची धुनी. चांदणे लख्ख होते. वावराच्या कडेने ओळीने साड्या बांधल्या होत्या : निळ्या, हिरव्या, जांभळ्या. त्यांतली एक ओळखीची वाटली. दोन वर्षांपूर्वी सौभाग्यवतींनी जुनी म्हणून गावी दिलेली ती साडी होती.

“साड्यायले भेतात का रे?”

“भेले. आठ दिवस,” भाऊ म्हणाला. “मंग समजलं त्यायले, हे बाई नाही. आंधी बुजगावणं केलं, त्याच्या बाजूले उभे राहून चरले. मंग डबे वाजवले. मंग फटाके आणले. पैल्या राती पळाले ते पार नदीपलीकडे. पाचव्या राती फटाका फुटला का मान वर करत अन् पुन्हा खाली घालत. भोंगाही लावून पाह्यला, माणसाच्या आवाजाचा. आता तुले सांगतो मास्तर, भोंगा बंद पडला का तेच थबकतात, आज काय झालं म्हून!”

मी हसलो, तोही हसला. पण त्याच्या हसण्यात झोप साठलेली होती. दोन महिने तो रोज रात्री इथे बसत होता आणि दिवसा पुन्हा वावरातच. मघा आईच्या चुलीपुढे मी त्याला नीट पाहिले होते. माझ्याहून चार वर्षांनी मोठा माणूस, पण पंधरा वर्षांनी मोठा दिसत होता. रोह्याने रात्रीचा धडा शिकला, तेव्हा भाऊलाही तो शिकावा लागला. जनावर एकदा बदलले की समोरच्यालाही बदलावे लागते. आणि ही बदलाबदल कुणा एकाच्या हातची राहत नाही.

वेळ जावा म्हणून मी त्याला काळविटाची गोष्ट सांगितली. आमच्या भागात काळविटांचेही कळप आहेत. काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास पळते. “इतके कशाला रे पळत असेल? लांडग्याला चुकवायला एवढा वेग लागत नाही. हा वेग चित्त्यासाठी होता, असं म्हणतात. आपल्याकडचे शेवटचे तीन चित्ते १९४७ साली कोरियाच्या राजाने मारले आणि १९५२ साली सरकारने चित्ता संपल्याचं जाहीर केलं. २०२२ साली आफ्रिकेतून आणून कुनोला सोडले ते निराळे. पण आपल्या इथे चित्ता नाही, तरी काळवीट अजून तसंच पळतं.”

भाऊने विडी विझवली. म्हणाला, “म्हंजे बापाचं कर्ज फिटलं, तरी पोरगा हप्ते भरून राह्यला.”

एम.ए.च्या वर्गात मला अशी उपमा कधी सुचली नाही. मी मग रोही आणि चौशिंग्याची गोष्ट सांगितली. एक डोंगरात राहिला, दुसरा माळावर आला. मनात होते ते बोलून गेलो, “आपल्यासारखंच आहे बघ. मी बाहेर पडलो, शहराशी जुळवून घेतलं. तू इथेच राहिलास.”

“म्हंजे मी चौशिंगा?” भाऊ म्हणाला. “बरं हाय. तुले चार पुस्तकं जास्त, मले दोन शिंगं जास्त.”

बाराच्या पुढे तो कंदील घेऊन वावराच्या त्या टोकाकडे चक्कर मारायला निघाला. जाताना म्हणाला, “मचाणावरून उतरू नोको.” का, ते बोलला नाही. मीही विचारले नाही.

थोड्या वेळाने ते आले. आधी आवाज काहीच नाही. समोरच्या धुऱ्यापाशी सावली घट्ट झाल्यासारखी वाटली आणि मग त्या सावलीला पाय दिसू लागले. एक मादी होती, तिच्यामागे दोन पिले, एकसारखी. पिले आईच्या पोटाला खेटून उभी होती आणि ती मान उंच करून वारा घेत होती. इतक्या जवळून मी जन्मात रोही पाहिला नव्हता. म्हणजे लहानपणी पाहिला असेल; पण तेव्हा आपण काही पाहत आहोत हे कळत नसते. मला वाटले, आणखी थोडे जवळून पाहावे. मी चपला काढल्या, मचाणाच्या बल्लीवरून घसरत खाली उतरलो आणि तुरीच्या ओळीने दबक्या पावलांनी धुऱ्याकडे निघालो.

दहा-पंधरा पावले गेलो असेन. नडगीला काही तरी गार लागले. बारीक, ताणलेले.

तेवढ्यात मागून भाऊची हाक आली. ती हाक मी कधी विसरणार नाही. तिच्यात शब्द नव्हता. रोही उधळले, पिलांसकट मादी दोन उड्यांत दिसेनाशी झाली. भाऊ हरभऱ्यातून धावत आला, पिकाचीही पर्वा न करता. कंदील त्याच्या हातात हलत होता. त्याने मला दंडाला धरून मागे ओढले आणि खाली बसून, मी लहान असताना काटा काढायला बसे तसा, माझी नडगी चाचपू लागला.

“आकडा टाकेल नव्हता,” तो म्हणाला. “आज टाकेल नव्हता. तू होता म्हून.”

मी काही बोललो नाही.

“कालपासून टाकणार होतो. तुले फोन केला, मंग म्हटलं मास्तर जाऊ दे, मंग पाहू.” थोडा वेळ तो तसाच बसून राहिला. मग म्हणाला, “माह्या पोरगा परवा इथंच आला होता, अंधारात, डबा घेऊन.”

धुनी विझत आली होती. दोघेही मचाणावर जाऊन बसलो, पण पहाटेपर्यंत एक शब्द झाला नाही. रोह्याची मादी वाऱ्यावरून संशय घेऊन उभी राहते. मी मात्र या वावरात जन्मलो असून तारेवर चालून गेलो. मी शहराशी जुळवून घेतले म्हणतो ते खरेच आहे. पण त्याची किंमत अशी की या मातीत अंधारात पाऊल कसे टाकावे, ते माझ्या पायांना आता कळेनासे झाले आहे. कॉलेजातल्या मुलांना मी निसर्ग शिकवतो. तो निसर्ग मला पुस्तकाच्या पानांतून भेटतो; भाऊला तो रोज रात्री, उपाशी, त्याच्याच ताटावर भेटतो. त्याच्या रागाला मी कुठल्या तोंडाने नावे ठेवणार होतो? आणि राग खरा असला तरी तार तारच असते. समोर कोण आहे ते तिला कळत नाही.

उजाडल्यावर भाऊने खुंट्या उपटल्या आणि तार गुंडाळून घरी आणली. आईने ओसरीवर ते भेंडोळे पाहिले. तिला काय कळले, किती कळले, देव जाणे. तिने चहा दिला. बऱ्याच वेळाने, निवडायला घेतलेल्या तुरीवरून नजर न काढता ती म्हणाली, “तुमचे बाबा हरभऱ्याच्या चारी आंगानं करडी पेरत. आठ-आठ तासं. ढोर शिरत नव्हतं आत.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. करडई! फुलावर आली की तिची पाने आणि बोंडे अशी काटेरी होतात की सोंगणाऱ्यांना हातापायांना फडकी गुंडाळावी लागतात. झाडाने स्वतःला राखायला काढलेले काटे, आणि शेतकऱ्याने ते उचलून आपल्या हरभऱ्याभोवती लावलेले. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या मुलखात हे कुंपण होते. पुढे तेल पिशवीतून मिळू लागले, सोयाबीन आले, करडईला भाव राहिला नाही, सोंगायला माणूस मिळेना. काटे नकोसे झाले आणि धुरे उघडे पडले. रोह्याने आमची एकेक युक्ती लक्षात ठेवली. आम्ही मात्र आमचीच विसरलो होतो.

“रोही ढोर नोहे आई,” भाऊ म्हणाला. “थो उडी मारते.”

“मारंल,” आई म्हणाली. “पण उडी मारून उतरंल कुठी? आठ तासं काटेच.”

“सारे थांबतीन का?”

“सारे नाही थांबत बापा. निंदन केलं म्हून सारं गवत जाते का? निम्मे थांबले तं निम्मा हरभरा आपला.”

निम्मा आपला, या हिशेबावर मी एस.टी.त बसून पुष्कळ विचार केला. भाऊला सगळा हरभरा हवा होता, आणि मला, अमरावतीत बसून, सगळे रोही हवे होते. आईचा हिशेब दोघांच्याही मधला होता. तो तिला कुठल्या पुस्तकात मिळाला नव्हता.

यंदा दसऱ्याच्या सुमारास भाऊने हरभरा पेरला आणि चारी अंगांनी करडीची आठ-आठ तासे धरली. बी शोधायला त्याला अकोल्यापर्यंत जावे लागले. मी सौभाग्यवतींना सारी हकीकत सांगितली होती, तारेची सुद्धा. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग त्यांनी कपाटातून आणखी दोन साड्या काढून दिल्या. “या नव्या आहेत,” म्हणाल्या, “निदान आठ दिवस तरी फसतील.”

परवा फोन केला तेव्हा मी उत्साहाने विचारले, “काय म्हणते करडी?”

“कोवळी आहे,” भाऊ म्हणाला. “नदीकडच्या कोपऱ्यातली दोन तासं रोह्यायनं खाऊन टाकली.”

माझा चेहरा पडला असावा. फोनवरूनही त्याला तो दिसला. करडईची कोवळी पाने किती लुसलुशीत असतात हे मी विसरलोच होतो. थंडीत आई त्यांचीच तर भाजी करते!

“अरे मास्तर, असं काय करतं?” तो म्हणाला. “उगवल्या उगवल्या कोणाले काटे असतात? दीड-दोन महिने लागतात. तवरिक जागल करा लागते.”

धाकटीला मी हे सांगितले, तेव्हा तिने विचारले की हे उदाहरण गेल्या वर्षीच्या उत्तरात आता घालता येईल का. मी म्हणालो, येणार नाही. अजून निकाल लागलेला नाही. संक्रांतीला हुळा खायला आपण सारे गावी जाऊ तेव्हा कळेल.

तोवर आम्ही भावांनी पाळ्या लावून घेतल्या आहेत. शनिवारची रात्र माझी. सौभाग्यवतींनी थर्मास काढून ठेवला आहे आणि मी गोडाऊनमधून नव्हे, बाजारातून एक चांगला कंदील आणला आहे. चपला मात्र या खेपेस काढणार नाही.